हिवाळ्यात बर्गन ते किर्केनेस: नॉर्वेच्या किनारी बोटीबद्दल

निळा_किनारा

नॉर्दर्न लाइट्स बघायला कुठे जावं, या दुसऱ्या धाग्यावर मी "किनाऱ्याच्या बोटीने जा" असं सुचवलं होतं. त्यावर इतके प्रश्न आले की वेगळा धागा काढतेय. नोकरीमुळे बरीच वर्षं बर्गनला राहते आणि या बोटीवर माझा फार जीव आहे, तेव्हा थोडं लांबेल.

पहिली गोष्ट, ही क्रूझ नाही. हुर्टिगरुटेन ही नॉर्वेच्या किनाऱ्यावरची नियमित सेवा आहे. बर्गनहून रोज एक बोट उत्तरेला सुटते, 34 बंदरं घेत रशियाच्या सीमेजवळच्या किर्केनेसला पोचते आणि तशीच मागे फिरते. जाऊन-येऊन 12 दिवस लागतात. अकरा बोटी सतत फिरत असल्यामुळे मधल्या बंदरांत रोज एक उत्तरेची आणि एक दक्षिणेची बोट येते. सरकार यासाठी पैसे देतं. 2021 पासून हे काम दोन कंपन्यांत वाटलं आहे: सेवेच्याच नावाच्या हुर्टिगरुटेन कंपनीच्या सात बोटी आणि हाविला कंपनीच्या चार. हाविलाच्या बोटी नैसर्गिक वायू आणि मोठ्या बॅटऱ्यांवर चालतात. नुसत्या बॅटरीवर असतात तेव्हा डेकवर फक्त पाण्याचा आवाज येतो.

रात्री दोन-अडीचला बोट एखाद्या लहानशा गावाला लागते. जाग आली तर अंगावर कोट चढवून जरूर बाहेर या. बाजूचं दार उघडतं, फोर्कलिफ्ट आत-बाहेर धावतात, माल उतरतो, मासळी चढते, एखादा विद्यार्थी पाठीवर सॅक घेऊन उतरतो आणि त्याचे आईवडील गाडीचे दिवे लावून उभे असतात. पंधरा-वीस मिनिटांत दोर सुटतात. मला विचाराल तर या प्रवासात सगळ्यात बघण्यासारखं हेच आहे. आकाशातला प्रकाश दिसेल किंवा दिसणार नाही, हे मात्र रोज दिसतं.

इतिहास थोडक्यात. 1893 च्या आधी मध्य नॉर्वेतल्या त्रोंदहाइमहून अगदी उत्तरेच्या हामरफेस्टला पाठवलेलं पत्र उन्हाळ्यात तीन आठवड्यांनी पोचायचं आणि हिवाळ्यात त्याला पाच महिनेसुद्धा लागायचे. त्रोंदहाइमच्या उत्तरेला तेव्हा अवघी 28 दीपगृहं होती आणि धड नकाशेही नव्हते. हिवाळ्याच्या अंधारात वर्षभर बोट चालवायला मोठ्या कंपन्यांनी नकार दिला. स्तोकमार्कनेसचे कप्तान रिचर्ड वित यांनी ते काम घेतलं. ते आणि त्यांचे वाटाडे आंदर्स होल्ते आधीपासून प्रत्येक फेरीत होकायंत्राची दिशा, वेग आणि वेळ वहीत टिपत होते. अमुक दिशेने, अमुक वेगाने, इतकी मिनिटं, मग वळण. या नोंदींच्या भरवशावर 2 जुलै 1893 ला 'वेस्तेरोलेन' ही बोट त्रोंदहाइमहून निघाली आणि 67 तासांत हामरफेस्टला पोचली. महिन्यांचं अंतर दिवसांवर आलं. तिथल्या लोकांसाठी याचा अर्थ काय असेल ते तुम्हीच बघा: भाव वेळेत कळले तर मासळी योग्य दराने विकता येते, डॉक्टरला निरोप धाडता येतो, वर्तमानपत्र येतं.

आता अपेक्षांबद्दल. चित्रात दिसतो तो गायरांगर फ्योर्ड (फ्योर्ड म्हणजे उंच कड्यांमधून आत शिरलेली समुद्राची चिंचोळी खाडी) हिवाळ्यात मिळत नाही, तिथे ही बोट फक्त उन्हाळ्यात जाते. तोंडाशी जेमतेम शंभर मीटर रुंद असलेला ट्रोलफ्योर्डसुद्धा हिवाळ्यात वगळतात, कारण कड्यांवरून बर्फ आणि दगड कोसळण्याची भीती असते. हिवाळ्यात बोट बेटं आणि मुख्य जमीन यांच्या मधल्या आडोशाच्या पाण्यातून जाते. दोन्ही बाजूंना समुद्रातून सरळ वर आलेले पांढरे डोंगर, पायथ्याशी चार घरांचे दिवे. त्यात भव्यपणा कमी नाही, पण खोल फ्योर्डच हवा असेल तर जुलैत या.

कधी यावं? माझं मत ठाम आहे: फेब्रुवारीचा शेवट ते मार्चचा मध्य. तेव्हा दिवसाही डोंगर बघण्याइतका उजेड असतो, रात्र पुरेशी मोठी असते, बर्फ भरपूर असतो आणि लोफोतन बेटांवर कॉड माशाचा हंगाम भरात असतो. डिसेंबरात बर्गनलाच जेमतेम सहा तास उजेड मिळतो.

प्रश्न विचारा, जमेल तसं सांगते.

खाडीपल्याड

फार सुंदर लिहिलंय, ताई. आईला घेऊन यायचा विचार आहे. तिला एसटी लागते, त्यामुळे बोट लागेल अशी धास्ती आहे. हिवाळ्यात समुद्र किती खवळलेला असतो? आणि ती पूर्ण शाकाहारी आहे.

निळा_किनारा

बहुतेक वाट बेटांच्या आडून असल्याने बोट शांत चालते. उघड्यावरचे टप्पे ठरलेले आहेत: ओलेसुनच्या आधी स्ताद, मोल्देच्या पुढे हुस्ताद्विका, त्रोंदहाइमच्या उत्तरेला फोल्दा, बोडोहून लोफोतनला जाताना वेस्तफ्योर्ड आणि शेवटी नॉर्थ केपपासून वार्दोपर्यंतचा बॅरेंट्स समुद्र. वादळ असेल तर इथे बोट चांगलीच हलते. आईंसाठी मधल्या भागातली, खालच्या मजल्यावरची केबिन घ्या, तिथे हेलकावे कमी जाणवतात. उलटीची गोळी त्यांच्या डॉक्टरांना विचारून आधीच घ्यायची, पोटात ढवळायला लागल्यावर घेऊन फारसा उपयोग नसतो. वारा फारच असेल तर कप्तान एखादं बंदर गाळतो. तेव्हा परतीचं विमान बोट पोचण्याच्या दिवशीचं ठेवू नका.

जेवणाचं बुकिंग करतानाच कळवा. शाकाहारी जेवण मिळतं, पण मसाल्याची अपेक्षा नको. बटाटे, कंदमुळं, सूप, पाव आणि चीज भरपूर असतं. लोणचं आणि दाण्याची चटणी बरोबर असू द्या.

भाऊचा_धक्का

मी सत्तरी ओलांडलेला माणूस. लहानपणी भाऊच्या धक्क्यावरून बोटीने गावी जायचो. रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ले आणि पुढे पणजी. पुष्कळ ठिकाणी बोट बंदरात लागतच नसे, बाहेर नांगर टाकायची आणि पडावातून किनाऱ्यावर जायचं. बायका लेकरांना छातीशी धरून पडावात उतरायच्या ते अजून डोळ्यांसमोर आहे. आगोट लागली की बोट बंद. 'रामदास' ही रेवसची बोट 17 जुलै 1947 ला भर पावसाळ्यात बुडाली, सहाशेवर माणसं गेली, आमच्या घरात तिचं नाव काढलं की आजी हात जोडायची. नॉर्वेत मात्र बर्फाच्या वादळात बोटी चालतात. हे त्यांना कसं जमलं, कुणी जाणकार सांगेल का?

इंजिनरूम

काका, मर्चंट नेव्हीत इंजिनियर आहे, तेव्हा उत्तर देतो.

पहिलं कारण किनाऱ्याची ठेवण. नॉर्वेच्या किनाऱ्यापुढे हजारो बेटं आणि खडकांची रांग आहे. अटलांटिकची लाट तिच्यावर फुटते आणि आतल्या बाजूने जाणारी बोट आडोशाला राहते. आपला किनारा नैर्ऋत्य वाऱ्यासमोर सरळ उघडा आहे. पावसाळ्यात लाटा थेट बंदराच्या तोंडावर येतात, आणि खाड्यांच्या मुखाशी वाळूचे दांडे असतात. अशा पाण्यात पडाव घालणं म्हणजे जिवाशी खेळ.

दुसरं कारण उबदार पाणी. गल्फ स्ट्रीमचा उत्तरेकडचा फाटा या किनाऱ्याने वर जातो. त्रोम्सो जवळजवळ 70 अंश उत्तरेला आहे, तरी बंदर गोठत नाही. त्याच अक्षांशावरचा अलास्काचा उत्तर किनारा हिवाळ्यात गोठलेला असतो.

तिसरं, खोली. हिमनद्यांनी कोरलेल्या दऱ्यांत समुद्र शिरला, त्यामुळे कड्याच्या अगदी जवळसुद्धा भरपूर पाणी असतं आणि मोठी बोट थेट धक्क्याला लागते. जिथे खोली नव्हती तिथे त्यांनी खणलं. वेस्तेरोलेन बेटांमधला (बोटीचं नाव याच बेटांवरून) रिसोयचा अरुंद मार्ग असाच खणून 1922 मध्ये उघडला. आजही तिथून जाताना दोन्ही बाजूंच्या खुणांच्या मधोमध बोट अगदी हळू जाते. दिवसाउजेडी मिळालं तर पुढच्या डेकवर उभं राहून बघाच.

पण त्यांनीही किंमत मोजली आहे. 'वेस्तेरोलेन' 1941 मध्ये सोव्हिएत पाणबुडीच्या टॉर्पेडोने बुडाली. युद्धात या मार्गाच्या कितीतरी बोटी गेल्या. शांततेच्या काळातही, ऑक्टोबर 1962 मध्ये 'सांक्त स्वितुन' फोल्दाच्या भागात वाट चुकून खडकावर आदळली आणि 41 माणसं गेली.

आणि काका, रस्ते आणि विमानतळ त्यांच्याकडेही झाले. तरी सरकारने फेऱ्यांचे पैसे देणं सोडलं नाही, म्हणून बोट टिकली. कोकणात रस्ता झाला आणि बोट गेली, याचं मला फार वाईट वाटतं.

भाऊचा_धक्का

मनापासून आभार. वाळूच्या दांड्यांचं अगदी खरं. दाभोळला आणि देवगडला मोठी माणसं त्याबद्दल बोलायची.

हिशेबी

माहिती उत्तम आहे, पण थोडं वेगळं मत मांडतो. संपूर्ण फेरी महाग पडते, बरीच बंदरं रात्री येतात आणि थांबे छोटे असतात. त्यापेक्षा विमानाने त्रोम्सोला जावं, चार-पाच रात्री राहावं आणि रोज संध्याकाळी गाडीने ढग नसतील तिकडे जावं. नॉर्दर्न लाइट्स दिसण्याची शक्यता त्यातच जास्त नाही का? बोटीवरून ढग चुकवता येत नाहीत.

निळा_किनारा

फक्त नॉर्दर्न लाइट्सच हवे असतील तर तुमचं म्हणणं पूर्ण पटतं. बोट आपल्या वेळापत्रकाने जाते, ढगांसाठी वाट बदलत नाही. तिचा फायदा इतकाच की हे दिवे ज्या पट्ट्यात दिसतात त्याखाली ती कित्येक रात्री सलग असते आणि रोजचं हवामान वेगळं असतं. आकाशात काही दिसलं की केबिनमधल्या स्पीकरवर घोषणा होते, त्यामुळे रात्रभर थंडीत उभं राहावं लागत नाही.

पण पैशांचा प्रश्न असेल तर संपूर्ण फेरी घ्यायलाच हवी असं नाही. एका बंदरापासून दुसऱ्या बंदरापर्यंत तिकीट मिळतं, आणि छोट्या टप्प्याला केबिन घ्यावी लागत नाही, लाउंजमध्ये बसता येतं. बोडोला ट्रेनने या, दुपारच्या बोटीने वेस्तफ्योर्ड ओलांडा, रात्री स्वोल्वारला उतरा. लोफोतनची डोंगररांग समुद्रातून वर येताना दिसते, आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये हे संधिप्रकाशात घडतं. सगळ्या वाटेत मला सर्वांत आवडणारा तुकडा हाच. स्थानिक लोक बोट अशीच वापरतात, तेव्हा खरी सोबतही मिळते.

ध्रुवतारा

त्रोम्सोत शिकतोय. 27 नोव्हेंबरच्या सुमारास इथे सूर्य मावळतो तो जानेवारीच्या मध्यापर्यंत क्षितिजावर येत नाही. पण म्हणून चोवीस तास काळोख नसतो, हे घरच्यांना सांगून पटत नाही. दुपारी काही तास आकाश गडद निळं होतं, दक्षिणेला गुलाबी पट्टा येतो आणि बर्फावर तोच रंग उतरतो. बोट उत्तरेला जाताना इथे दुपारी येते आणि साधारण चार तास थांबते, ते या निळ्या वेळेच्या शेवटाला. पूल ओलांडून 1965 च्या आर्क्टिक कॅथेड्रलपर्यंत चालत जा, त्या बाजूने गाव आणि बंदर एकत्र दिसतं. पायात बर्फावरचे खिळे मात्र हवेतच. रस्ते काचेसारखे निसरडे असतात.

सूर्य परतला तरी समोरच्या डोंगरांमुळे तो गावात दिसायला 21 जानेवारी उजाडते. त्या दिवशी शाळांतली मुलं बाहेर येतात आणि सगळीकडे सोलबोल्ले, म्हणजे जॅम भरलेले तळलेले गोड बन खातात. बेकरीबाहेर रांगा लागतात. त्या सुमाराला येणार असाल तर चुकवू नका.

तिसरा_डोळा

फोटोबद्दल थोडं. बोटीवर ट्रायपॉड जवळपास निरुपयोगी आहे, कारण डेकच हलतो आणि इंजिनाची थरथर पायांतून वर येते. एक ते तीन सेकंदांपेक्षा लांब एक्स्पोजर नको, आयएसओ 3200 किंवा वर, वाइड लेन्स आणि शक्य तितकं उघडं अ‍ॅपर्चर. फोकस आधीच दूरच्या दिव्यावर लावून ठेवा. बॅटरी आतल्या खिशात, अंगाच्या उबेत. कॅमेरा आत नेण्याआधी पिशवीत गुंडाळा, नाहीतर काचेवर दव धरतं. आणि प्रकाश खूप फिका असताना डोळ्यांना तो करडा ढग वाटतो, कॅमेऱ्यातच हिरवा दिसतो. म्हणून शंका आली तर एक फोटो काढून बघायचा.

रंगांचंही सांगतो. नेहमी दिसणारा हिरवा हा साधारण 100 ते 150 किलोमीटर उंचीवरच्या ऑक्सिजनचा. त्याच्याही वर, 200 किलोमीटरच्या पुढे, तोच ऑक्सिजन लाल प्रकाश देतो. पडद्याच्या खालच्या कडेची जांभळी-गुलाबी झालर नायट्रोजनची. क्रिस्तियान बिर्केलान या नॉर्वेजियन शास्त्रज्ञाने निर्वात पेटीत चुंबकीय गोळा ठेवून त्यावर इलेक्ट्रॉन सोडले आणि ध्रुवांभोवती उजळणारी कडी प्रयोगशाळेत करून दाखवली. आल्ताजवळच्या हाल्द्दे डोंगरावर 1899 मध्ये वेधशाळा उभारून तिथे हिवाळा काढणारे हेच. त्यांचं चित्र नॉर्वेच्या जुन्या 200 क्रोनरच्या नोटेवर होतं.

मालवणी_माणूस

ताई, कॉडच्या हंगामाचं पुढे काहीच लिहिलं नाहीत. आम्ही त्याचीच वाट बघतोय.

निळा_किनारा

खरंय, त्यावर लिहायलाच हवं, कारण हा सगळा किनारा त्या माशावर उभा आहे.

बॅरेंट्स समुद्रातला मोठा झालेला कॉड, ज्याला इथे स्क्राय म्हणतात, जानेवारी ते एप्रिल अंडी घालायला लोफोतनच्या पाण्यात येतो. हजारएक वर्षं माणसं त्याच्यामागे इथे येत आहेत. बाराव्या शतकाच्या सुरुवातीला राजा ओयस्ताइनने कोळ्यांना राहायला झोपड्या बांधून दिल्या. रोर्बू म्हणतात त्यांना, लाल रंगाच्या, पाण्यावर खांबांवर उभ्या. आता त्यांत पर्यटक राहतात.

मासा साफ करून, डोकं काढून, शेपटीकडे दोन-दोन बांधून लाकडी मांडवांवर टांगतात. आपल्याकडे वलांडीवर बोंबील घालतात तसंच, फक्त इथे मीठ नाही आणि उन्हाचा जोरही नाही. तापमान शून्याच्या आसपास रेंगाळतं, त्यामुळे मासा गोठून फाटत नाही आणि माश्या बसण्याइतकं ऊनही नसतं. समुद्राचा वारा काही महिन्यांत त्याला लाकडासारखा कडक करतो. मग तो वर्षानुवर्षं टिकतो. हाच सुका कॉड बर्गनला यायचा आणि हान्झा या व्यापारी संघाचे जर्मन व्यापारी तो युरोपभर विकायचे. बर्गनच्या धक्क्यावरची ब्रिग्गनची लाकडी घरं, जी 1979 पासून जागतिक वारशाच्या यादीत आहेत, ती या माशाच्या पैशांवर उभी राहिली. आज उत्तम प्रत इटलीला जाते, आणि वाळलेली डोकी नायजेरियाला, रश्शासाठी.

हंगामात बोटीवर ताजा स्क्राय मिळतो, सोबत त्याचंच काळीज आणि गाभोळी. मासे खात असाल तर तो टाळू नका. लोफोतनच्या गावांत शाळकरी मुलं डोक्यांतून जिभा कापून काढतात आणि विकतात. या कामावर त्यांचाच हक्क असतो आणि चांगली कमाई होते.

1890 मध्ये ट्रोलफ्योर्डात या मासळीवरून मोठा झगडा झाला. वाफेच्या बोटीवाल्यांनी फ्योर्डच्या तोंडाशी जाळं लावून आतला मासा अडवला आणि उघड्या होड्यांतले कोळी त्यांच्यावर चालून गेले. पुढे लोफोतनमध्ये अशा जाळ्यांवर कायद्याने बंदी आली. आपल्याकडे पर्ससीनच्या मोठ्या जाळ्यांवरून पारंपरिक मच्छीमार जे भांडतात, ते इथले जुने कोळी लगेच ओळखतील.

मालवणी_माणूस

अगदी अगदी. हे आमच्या सोसायटीच्या मिटिंगमध्ये वाचून दाखवणार.

वाचनमात्र

क्वचितच लिहितो, पण नॉर्वेच्या अगदी उत्तरेच्या फिन्मार्क प्रांताबद्दल राहून जाऊ नये. लोक त्रोम्सोनंतर "आता काय उरलं" म्हणून उतरतात. मला पुढचाच भाग जास्त भिडला.

1944 च्या शरदात माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने हा जवळजवळ सगळा प्रांत जाळला. घरं, शाळा, होड्या, तारेचे खांबसुद्धा. हामरफेस्टमध्ये दफनभूमीतलं छोटं प्रार्थनाघर तेवढं उभं राहिलं. किर्केनेसवर त्याआधी तीनशेहून जास्त हवाई हल्ले झाले होते, आणि शेवटच्या आठवड्यांत हजारो माणसं जवळच्या खाणीच्या बोगद्यात राहिली. तिथे बाळंतपणंही झाली. 25 ऑक्टोबर 1944 ला सोव्हिएत रेड आर्मीने गाव मोकळं केलं. हे माहीत असलं की ही सगळी गावं सारख्याच साध्या, चौकोनी घरांची का आहेत ते कळतं. 1945 नंतर लोक परत आले आणि त्यांनी घाईने पुन्हा उभी केलेली घरं आहेत ती.

आणि वार्दो. परतीच्या वाटेवर बोट तिथे दुपारनंतर थोडा वेळ थांबते. भराभर चालत स्ताइलनेस स्मारकाला जा. सतराव्या शतकात या प्रांतात चेटकाच्या आरोपावरून 91 जणांचा जीव घेतला गेला. वास्तुकार पीटर त्सुम्थोरने बांधलेल्या लांब, अरुंद, कापडी दालनात प्रत्येकासाठी एक छोटी खिडकी आणि एक दिवा आहे, शेजारी त्या माणसाचं नाव आणि खटल्याची हकीकत. बाजूच्या काळ्या काचेच्या खोलीत शिल्पकार लुईझ बूर्ज्वाची जळती खुर्ची. बाहेर बॅरेंट्स समुद्र. वादळ, बुडालेल्या होड्या, आजारपण, या सगळ्याचं खापर गरीब बायकांवर फोडलं गेलं होतं. ते वाचताना मला आपल्याकडच्या डाकीण ठरवून मारलेल्या बायका आठवत राहिल्या. आपला जादूटोणाविरोधी कायदा 2013 चा आहे.

खाडीपल्याड

हे वाचून संपूर्ण फेरीच करावी असं वाटायला लागलंय. आईला वार्दोत चालणं जमेल का? आणि कपडे काय घ्यावेत?

वाचनमात्र

धक्क्यापासून अंतर फार नाही, पण वारा जबरदस्त असतो आणि वेळ कमी. बोटीच्या स्वागतकक्षात आदल्या दिवशी टॅक्सीचं विचारा. जमलं नाही तर त्यांनी बोटीवर थांबावं, तुम्ही जाऊन या.

निळा_किनारा

कपड्यांचं सांगते. किनाऱ्यावर थंडी उणे दोन ते उणे आठच्या आसपास असते, किर्केनेसला बरीच जास्त. त्रास वाऱ्याचा होतो. अंगालगत लोकरीचा पातळ थर, कॉटन अजिबात नको, कारण घाम आला की ते गार पडतं. त्यावर स्वेटर किंवा फ्लीस, सगळ्यांत बाहेर वारा अडवणारं जॅकेट. आत चांगलं उबदार असतं, त्यामुळे पटकन काढता-घालता येईल असं घ्या. आईंसाठी बुटांचे खिळे इथेच विकत घ्या, बर्गनमध्ये कुठल्याही खेळाच्या दुकानात मिळतात. केबिन घेताना "खिडकीसमोर अडथळा" असं लिहिलेली स्वस्त असते, ती चालेल, कारण दिवसभर तुम्ही वरच्या काचेच्या लाउंजमध्येच बसाल.

व्हिसा शेंगेनचा. हिवाळ्यातल्या तारखांना अर्ज लवकर करा, आणि बोटीचं बुकिंग करताना तारीख बदलता येते का ते नीट वाचून घ्या. तुमच्या तारखा ठरल्या की इथेच लिहा. बर्गनला बोट सुटायच्या आधी तुमच्या आईंना माझ्याकडे जेवायला घेऊन या, वरणभात नक्की मिळेल.